वोनहाइममध्ये राहायला जाताना: जर्मनीला शिकायला निघालेल्यांसाठी माहितीचा धागा

ऱ्हाइनकाठी

नमस्कार मंडळी. व्हिसा हातात पडला की दरवर्षी तेच प्रश्न दहा धाग्यांवर विखुरलेले दिसतात, म्हणून जर्मनीतल्या विद्यार्थी-वसतिगृहाची माहिती इथे एका जागी गोळा करू या. प्रवेश, व्हिसा, विद्यापीठ कोणतं घ्यावं यासाठी वेगळे धागे आहेत. इथे फक्त राहण्याबद्दल लिहावं ही विनंती.

वोनहाइमला आपण सवयीने हॉस्टेल म्हणतो आणि तिथेच गडबड होते. रेक्टर नाही, मेस नाही, हजेरी नाही, खोली झाडायला मावशी येत नाहीत. तुम्ही करारावर सही केलेले भाडेकरू असता आणि घरमालक असतो श्टुडिरेंडनवेर्क, म्हणजे विद्यार्थ्यांच्या राहण्यासारख्या सोयी पाहणारी संस्था. ही संस्था विद्यापीठापासून वेगळी आहे. विद्यापीठात प्रवेश मिळाला म्हणून खोली मिळत नाही, तिचा अर्ज स्वतंत्र करावा लागतो. म्युनिकसारख्या शहरात प्रतीक्षायादी काही सेमिस्टरची असते, त्यामुळे अर्ज करता येईल त्या पहिल्या दिवशी करा.

किल्ली मिळण्याबद्दल: करार बहुधा १ तारखेला सुरू होतो. किल्ली देतो हाउसमाइस्टर, म्हणजे इमारतीची देखभाल पाहणारा माणूस. तो ठरलेल्या वारी, ठरलेल्या दोन-तीन तासांतच भेटतो. शनिवारी-रविवारी विमान उतरवलंत तर किल्ली सोमवारी. ३ ऑक्टोबर ही राष्ट्रीय सुट्टी आहे, हिवाळी सेमिस्टरला येणाऱ्यांनी ती तारीख तिकीट काढतानाच बघावी. ईमेल करून वेळ लेखी पक्की करा आणि पोहोचायला उशीर होण्याची शक्यता असेल तर एका रात्रीचं युथ हॉस्टेल आधीच धरून ठेवा.

किल्ली घेताना खोलीच्या स्थितीचा कागद भरतात, त्याला उबरगाबे-प्रोटोकोल म्हणतात. इथे घाई करू नका. गादी उलटून बघा, कपाटाचे कप्पे, खिडकीचं हँडल, वॉशबेसिनचे तडे, भिंतीवरचे खिळ्यांचे भोक, जमिनीवरचे जळके डाग, सगळं त्यात लिहून घ्या आणि तारखेसह फोटो काढा. जे त्या कागदावर नाही ते तुम्ही केलं असं धरलं जातं आणि खोली सोडताना अनामतीतून कापलं जातं.

पैशांचं गणितही आधीच मांडा. व्हिसासाठी उघडलेल्या ब्लॉक्ड खात्यात (यातले पैसे एकदम काढता येत नाहीत) वर्षाचे ११,९०४ युरो असले तरी ते महिन्याला ९९२ या हिशेबाने सुटतात, तेही इथलं चालू खातं उघडून जोडल्यावर. अनामत आणि पहिलं भाडं मात्र त्याआधी मागतात. तेवढी रक्कम आणि पहिल्या तीन-चार आठवड्यांचा खर्च वेगळा हाताशी ठेवा.

शेवगा

उत्तम धागा. कागदपत्रांची भर घालतो.

राहायला आल्यापासून दोन आठवड्यांच्या आत नगरपालिकेत पत्ता नोंदवायचा, हे कायद्याने बंधनकारक आहे. त्याला आनमेल्डुंग म्हणतात. भाडेकरार त्यासाठी पुरत नाही. घरमालकाने सही केलेला ‘हा माणूस अमुक तारखेला इथे राहायला आला’ असा वेगळा दाखला लागतो, वोनुंग्सगेबर-बेश्टेटिगुंग. किल्लीबरोबरच मागून घ्या. मोठ्या शहरांत नोंदणीची वेळ चटकन मिळत नाही, म्हणून ती भारतातूनच ऑनलाइन धरा. दोन आठवड्यांनंतरची मिळाली तर घ्या आणि वेळ घेतल्याचा ईमेल जपून ठेवा. बँक, विमा, निवास परवाना, सगळं या नोंदणीपाशी अडतं.

दुसरं, टपालपेटी. हा मुद्दा फार जण हलक्यात घेतात. जर्मनीत फ्लॅट नंबरवर पत्र येत नाही, पेटीवरच्या आडनावावर येतं. पेटीवर नाव नसेल तर टपाल परत जातं. बँकेचं कार्ड, पिन, विमा कार्ड, कर क्रमांक हे सगळं टपालानेच येतं, तेही वेगवेगळ्या दिवशी. पहिल्या दिवशी पेटीवर आणि दारावरच्या घंटीवर आडनाव लावा, आणि स्पेलिंग पासपोर्टबरहुकूम. पासपोर्टात आडनावाचा रकाना रिकामा असेल तर नोंदणीत जे नाव पडेल तेच पेटीवर हवं.

तिसरं, रुंडफुंक-बाइट्राग. पत्ता नोंदवला की काही आठवड्यांत रेडिओ-टीव्हीच्या वर्गणीचं पत्र येतं. ‘माझ्याकडे टीव्ही नाही’ हे कारण चालत नाही, वर्गणी घरामागे आहे: महिन्याला १८.३६ युरो, तिमाहीला ५५.०८. तुम्ही चार जणांच्या फ्लॅटमध्ये असाल तर फ्लॅटला एकच वर्गणी. आधीपासून कोणी भरत असेल तर त्याचा क्रमांक कळवायचा आणि पैसे आपसात वाटून घ्यायचे. पण सगळ्यांना खुल्या कॉरिडॉरवर दार उघडणारी स्वतंत्र खोली असेल तर तीच एक घर मानली जाते आणि ज्याची त्याने भरायची. पत्र फसवणुकीचं समजून फेकून देऊ नका, थकबाकी दंडासह वाढत जाते.

पाटवडी

माझी मुलगी सप्टेंबरअखेर डार्मश्टाटला जाते आहे. कुकर न्यावा का? तिथे गॅस नसतो म्हणतात. आणि साजूक तूप, पेढे, कढीपत्ता बॅगेत चालतो का? इथे प्रत्येक जण वेगळं सांगतो.

केळफूल

पाटवडीताई, आधी बॅगेचं सांगते, कारण तिथे नियम स्पष्ट आहेत.

युरोपीय संघाबाहेरून प्रवाशाला मांस आणि दुधाचे पदार्थ आणता येत नाहीत. यात साजूक तूप, पेढे, बर्फी, खवा, पनीर, दूध पावडर सगळं आलं. कस्टम्सने बॅग उघडली तर जप्त करतात. ताजी फळं-भाज्या आणि पानांना वनस्पती-आरोग्य प्रमाणपत्र लागतं, म्हणून ताजा कढीपत्ता आणि आंबे नकोत. नारळ, केळी, अननस, खजूर यांना सूट आहे. मसाले, डाळी, भाजलेली चटणी, तेलातलं लोणचं चालतं. मासळीला स्वतंत्र सूट आहे, त्यामुळे सुकट-बोंबील नियमात बसतात. तरीही सामायिक फ्रीज आणि सामायिक स्वयंपाकघर लक्षात घेता नेऊ नयेत असं माझं स्पष्ट मत आहे.

तुपाची चिंता नको. कुठल्याही सुपरमार्केटात बुटरश्माल्त्स नावाने डब्यात मिळतं, ते कढवलेलं लोणीच आहे. मसूर डाळ रोटे लिन्झेन नावाने, बेसन किखरएर्बसेन-मेल नावाने मिळतं. गव्हाच्या पिठावर आकडा असतो: ४०५ म्हणजे जवळजवळ मैदा, १०५० त्याहून कोंड्याचं. निव्वळ ४०५ च्या पोळ्या वातड होतात. १०५० मध्ये बारीक दळलेलं फोलकोर्न म्हणजे पूर्ण गव्हाचं पीठ निम्मं मिसळलं तर पोळी जमते. भारतीय दुकान जवळ असेल तर तिथून आट्याची ५ किंवा १० किलोची पिशवी आणणं सोपं. साध्या दुकानातली मोहरी पिवळी असते, फोडणीत ती नीट तडतडत नाही. बारीक काळी मोहरी, हिंग, गोडा मसाला, चिंच, आमसुलं इकडूनच न्या.

आता कुकर. न्यावा, ३ लिटरचा, आणि बरोबर दोन जादा रिंगा, एक सेफ्टी व्हॉल्व्ह. आपल्या कंपन्यांचे सुटे भाग तिथे सहज मिळत नाहीत. तळ सपाट हवा. त्याला फ्रीजवरचं चुंबक चिकटत असेल असाच घ्या, म्हणजे शेगडी इंडक्शन निघाली तरी चालेल. वोनहाइममध्ये बहुतेक काचेची सेरान शेगडी असते, तिच्यावर अॅल्युमिनियमही चालतं, मात्र घासलं की काचेवर करडे ओरखडे उठतात.

सेरानवर गॅसची सवय चालत नाही. खाली तापलेली तार असते. बटण बंद केलं तरी काच पाच-सात मिनिटं तापलेली राहते आणि कुकर शिट्ट्या देत राहतो. वरणभाताला तीन शिट्ट्या हव्या असतील तर: ९ वर सुरुवात, पहिली शिट्टी झाली की ४ वर, दुसऱ्या शिट्टीला बंद. तिसरी उरलेल्या उष्णतेवर होते. मग कुकर उचलून थंड भागावर ठेवायचा, ढकलायचा नाही. दूध तापवताना तर हमखास उतू जातं, कारण आच कमी केल्याचा परिणाम दीड-दोन मिनिटांनी दिसतो. पाक किंवा साखर तापल्या काचेवर सांडली तर थंड होण्याची वाट बघू नका. आच बंद करून, हात सांभाळून, काच गरम असतानाच पात्याच्या खरवडणीने काढा. थंड झाल्यावर ती काचेचा टवका घेऊन निघते आणि शेगडीचा खर्च तुमच्या नावावर पडतो. फुलका थेट काचेवर टाकू नका, तव्यावरच फडक्याने दाबून फुगवा.

कोकणकडा

केळफूल, फोडणी आणि स्मोक डिटेक्टरबद्दलही लिहा, सगळ्यात जास्त तक्रारी त्याच्याच असतात.

केळफूल

हो, तेच लिहायचं होतं.

डिटेक्टर हवेतले कण ओळखतो. लाल मिरची करपली की धूर आणि भाताची वाफ, त्याच्या लेखी दोन्ही सारखंच. खोलीतला डिटेक्टर फक्त जागेवर बोंबलतो. पण काही इमारतींत कॉरिडॉरमधले डिटेक्टर थेट अग्निशमन दलाला जोडलेले असतात. त्यामुळे क्रम असा ठेवा: आधी खिडकी पूर्ण उघडा, धुराडं चालू करा, कॉरिडॉरकडचं दार बंद करा, मग तेल ठेवा. धूर झालाच तर दार उघडून तो कॉरिडॉरमध्ये सोडायचा नाही. नेमकं हेच सगळे करतात आणि अख्खी इमारत खाली उतरते. फोडणीला आच ९ पैकी ६ पुरे. भांडं उचलून मिरची-हिंग घालायचं, म्हणजे करपत नाही.

डिटेक्टरला पिशवी बांधणं, बॅटरी काढणं, आगीचं दार पाचर मारून उघडं ठेवणं हे तिघंही करारभंगात मोडतात, आणि खरोखर आग लागली तर जिवावर बेततं. तेलाने पेट घेतला तर पाणी कधीही नाही. झाकण घाला, आच बंद करा, गरज पडली तर ११२.

खोलीत शेगडी, इंडक्शन, हीटर बहुतेक ठिकाणी नियमाने बंद असतात, केटल चालते. उदबत्ती आणि निरांजनासाठीही आपली हाउसओर्डनुंग, म्हणजे इमारतीची नियमावली वाचा. उघड्या ज्योतीला बऱ्याच ठिकाणी मनाई आहे. दिवाळीला बॅटरीच्या पणत्या न्याव्यात.

कोकणकडा

आता हिवाळा. ऑक्टोबर ते एप्रिल हीटिंग चालतं आणि आपली मुलं दोन चुका करतात: खिडकी आठवडाभर उघडत नाहीत, किंवा दिवसभर तिरकी उघडी ठेवतात. दोन्हींचा शेवट काळ्या बुरशीत होतो.

कारण समजलं की नियम लक्षात राहतो. एका माणसाच्या श्वासातून, अंघोळीतून, खोलीत वाळत घातलेल्या कपड्यांतून बरीच वाफ हवेत जाते. खिडक्या इतक्या घट्ट असतात की ती आपोआप बाहेर पडत नाही. थंड पृष्ठभाग दिसला की तिथे दव धरतं: बाहेरच्या भिंतीचा कोपरा, कपाटामागची जागा, खिडकीची चौकट. तिथे बुरशी येते. तिरकी खिडकी हवा फारशी बदलत नाही, नुसती चौकटीभोवतीची भिंत गार करते.

म्हणून दिवसातून दोन-तीनदा श्टोसल्युफ्टन: रेडिएटरचा व्हॉल्व्ह बंद, खिडकी सताड, ५ ते १० मिनिटं, मग खिडकी बंद आणि व्हॉल्व्ह पूर्ववत. हवा बदलते, पण भिंती आणि सामान गार होत नाही, त्यामुळे खोली लगेच पुन्हा तापते. बाहेर शून्याखाली असताना हे उलट जास्त चांगलं चालतं, कारण गार हवेत बाष्प कमी असतं.

रेडिएटरवरचे आकडे वेग दाखवत नाहीत, खोलीचं तापमान दाखवतात: १ म्हणजे साधारण १२ अंश, २ म्हणजे १६, ३ म्हणजे २०, ४ म्हणजे २४, ५ म्हणजे २८. चांदणीची खूण पाइप गोठू नयेत यासाठी. ५ वर ठेवल्याने खोली लवकर तापत नाही, फक्त जास्त वेळ तापत राहते. दिवसा ३, रात्री २, आणि सुट्टीत बाहेर गेलात तरी पूर्ण बंद नको. कपाट बाहेरच्या भिंतीपासून ५ ते १० सेंटीमीटर पुढे ओढा. रेडिएटरसमोर पलंग किंवा जाड पडदा नको. छोटं आर्द्रतामापक घ्या, ४० ते ६० टक्क्यांत ठेवा. बुरशी दिसली तर त्याच दिवशी फोटोसह लेखी कळवा. उशिरा कळवलं तर ‘खिडकी उघडली नाही’ हा ठपका तुमच्यावर येतो.

निळाशार

बाथरूमबद्दल कोणीच लिहिलं नाही अजून! भारतीयांसाठी तो पहिला धक्का असतो. शॉवरची जागा सोडली तर जमिनीला मोरीसारखा निचराच नसतो.

शेवगा

बरोबर. फरशीवर बादलीभर पाणी ओतलं तर ते जाणार कुठे? सांध्यांतून खाली मुरतं आणि खालच्या खोलीच्या छतावर उतरतं. बादली-मग्गा वापरायचा तर शॉवरच्या चौकटीतच, पडदा आतल्या बाजूला सोडून. झालं की रबरी पट्टीने काच आणि फरशी निपटून घ्यायची. भोकावर केस अडवणारी जाळी ठेवा, सामायिक बाथरूममध्ये भांडणाचं मूळ तेच असतं.

संडासात जेट स्प्रे नसतो. पाण्याच्या नळाला स्वतः फाटा काढून स्प्रे बसवू नका. सांधा रात्रीत सुटला की नुकसान हजारांत जातं. दाबून धार निघणारी प्लास्टिकची बिडे बाटली स्वस्तात मिळते, ती पुरेशी आहे. टॉयलेट पेपर संडासातच टाकायचा असतो. ओले वाइप्स आणि पॅड मात्र नाही.

नळाचं पाणी पिण्यालायक असतं. बऱ्याच भागांत ते जड आहे, केटलमध्ये पांढरा थर बसतो. महिन्यातून एकदा चमचाभर सायट्रिक अॅसिड गार पाण्यात विरघळवून तासभर ठेवा, मग धुऊन टाका.

पाटवडी

फार उपयोगी माहिती, सगळ्यांचे आभार. वासावरून तक्रारी होतात का? मुलगी त्यानेच धास्तावली आहे. काही जण म्हणतात फोडणी देऊच नकोस.

निळाशार

ताई, माझं मत आहे की गर्दीच्या वेळी, संध्याकाळी सहा ते आठ, फोडणीचा स्वयंपाक टाळावा. कणीक मळून, रस्सा करून डब्यात ठेवावं.

केळफूल

निळाशार, इथे असहमत. आपलं जेवण लपवून करायची गरज नाही. दहा-बारा जणांच्या स्वयंपाकघरातल्या तक्रारी मी बघते त्या वासाच्या कमी आणि भांड्यांच्या जास्त असतात: रात्रभर सिंकमध्ये पडलेला कुकर, हळदीने पिवळी झालेली सामायिक घासणी, सिंकच्या जाळीत अडकलेला भात, तेलाने चिकट शेगडी. जेवायला बसण्याआधी शेगडी पुसली आणि जेवल्यावर अर्ध्या तासात भांडी उचलली तर फोडणीवर कोणी सहसा बोलत नाही. उरलेलं तेल सिंकमध्ये ओतू नका, गार करून बाटलीत भरून रेस्टम्यूलमध्ये, म्हणजे उरलेल्या कचऱ्याच्या डब्यात टाका.

भिंतीवरचा पुत्सप्लान, म्हणजे साफसफाईची पाळी, गंभीरपणे घ्या. पाळीच्या आठवड्यात काय काय करायचं ते तिथेच लिहिलेलं असतं: कचरा खाली नेणं, ओव्हन, फ्रीजखालची फरशी. श्टुटगार्टकडे तर जिन्याच्याही पाळ्या असतात, केअरवोखे म्हणतात. पाळीच्या दिवशी बाहेरगावी असाल तर आधीच कोणाशी अदलाबदल करून तशी नोंद कागदावर करा.

निळाशार

मान्य आहे, भांड्यांचा मुद्दा वजनदार आहे. एक मात्र राहू द्या: हिंग आणि मसाले घट्ट फिरकीच्या काचेच्या बाटलीत. फ्रीजच्या तुमच्या कप्प्यातला वास इतरांच्या दुधाला लागतो.

कचऱ्याचं थोडक्यात: वेष्टनं पिवळ्या डब्यात, कागद निळ्या, भाजीची सालं आणि चहाचा चोथा तपकिरी, बाकी काळ्या-करड्या रेस्टम्यूलमध्ये. रंग शहरागणिक थोडे बदलतात, डब्यावरची चित्रं बघा. काचेच्या बाटल्या रस्त्यावरच्या टाक्यांत पांढऱ्या, तपकिरी, हिरव्या अशा वेगळ्या, आणि रविवारी किंवा रात्री नाही, कारण आवाज होतो. प्फांडच्या, म्हणजे अनामत घेतलेल्या बाटल्या टाकू नका. एकदाच वापरायच्या प्लास्टिक बाटल्यांना आणि पेयांच्या कॅनना २५ सेंट, बिअरच्या बाटलीला ८ सेंट दुकानातल्या मशीनमध्ये परत मिळतात. बाटली चेपली की मशीन घेत नाही.

रविवारी दुकानं बंद असतात, मोठ्या रेल्वे स्थानकांवरची सोडून. शनिवारी बाजार करा. रात्री १० ते सकाळी ६ शांतता. मिक्सर आणि वॉशिंग मशीन त्या वेळेत नको.

ऱ्हाइनकाठी

महागात पडणाऱ्या दोन गोष्टी राहिल्या.

किल्ली: दार ओढलं की बाहेरून उघडत नाही, बाहेर नुसती मूठ असते. कचरा टाकायला जातानाही किल्ली खिशात हवी. ही किल्ली बऱ्याचदा इमारतीच्या मुख्य दारालाही लागते, त्यामुळे हरवली तर अनेक कुलपं बदलण्याचा खर्च मागितला जाऊ शकतो. हाफ्टप्फ्लिख्ट नावाचा दायित्व विमा पहिल्याच आठवड्यात काढा आणि त्यात ‘परक्याच्या मालकीच्या किल्ल्या हरवणं’ धरलं आहे का ते वाचून बघा. दार लागून बसलं तर आधी हाउसमाइस्टरचा तातडीचा नंबर. इंटरनेटवर पहिला दिसणारा कुलूपवाला बोलवायचाच झाला तर दार उघडण्याआधी एकूण रक्कम विचारून घ्या.

टोरेंट, म्हणजे नेटवरून सिनेमे वगैरे फुकट उतरवणं: भारतात सर्रास चालतं म्हणून इथे चालू ठेवू नका. लॅपटॉपमधला प्रोग्रॅम निघण्यापूर्वीच काढून टाका. वकिलाची नोटीस येते आणि ती शेकडो युरोंची असते. शिवाय वोनहाइमचं नेट तुमच्या नावाने नोंदलेलं असतं. तेही बऱ्याच ठिकाणी आधी केबलनेच चालू होतं, म्हणून ५ मीटरची लॅन केबल आणि लागल्यास लॅपटॉपचा अडॅप्टर बरोबर ठेवा. आपला तीन पिनांचा प्लग तिथे बसत नाही, गोल दोन पिनांचा बसतो. एक अडॅप्टर आणि एक भारतीय एक्स्टेंशन बोर्ड पुरतो, पण त्यावर केटल लावू नका.

पाटवडी

शेवटचं विचारते. एकटी पडली, आजारी पडली तर कोणाकडे जायचं? रेक्टर नाही म्हणता.

कोकणकडा

ताई, आजारपणाचे नंबर आधी: जिवावरचं असेल तर ११२. रात्री किंवा सुट्टीच्या दिवशी ताप, उलट्या असं काही असेल तर ११६११७. दिवसा मात्र हाउसआर्त्स्ट, म्हणजे घराजवळचा नेहमीचा डॉक्टर. बरी असतानाच एक शोधून ठेवू दे, नवीन रुग्ण सगळेच घेत नाहीत. नेहमीची औषधं तीन महिन्यांपर्यंतची, इंग्रजी चिठ्ठीसह नेता येतात. साध्या सर्दीतापाला अँटिबायोटिक देत नाहीत आणि चिठ्ठीशिवाय मिळतही नाही, हे आधीच माहीत असलेलं बरं.

एकटेपणाचं म्हणाल तर नोव्हेंबर-डिसेंबर कठीण. बर्लिनला डिसेंबरात चारच्या आत सूर्य मावळतो, आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी घड्याळ मागे गेलं की भारताशी फरक साडेतीनचा साडेचार तास होतो. ती सहाला खोलीवर येते तेव्हा तुमच्याकडे साडेदहा. फोनची वेळ त्याच आठवड्यात बदलून घ्या, नाहीतर रोजचं बोलणं हळूहळू सुटतं. नाताळात इमारत रिकामी होते आणि २४ डिसेंबरच्या दुपारपासून २६ पर्यंत दुकानंही बंद. त्या तीन दिवसांचं सामान आणि सोबत दोन्ही आधी ठरवायला सांगा. मोठ्या शहरांत मराठी मंडळी एकमेकांना शोधून धरून असतात.

बऱ्याच वोनहाइममध्ये ट्यूटर असतात, जुनेच विद्यार्थी. सेमिस्टरच्या सुरुवातीला मजल्याची बैठक किंवा नाश्ता ठेवतात. त्या एका बैठकीला तिने जावंच. नंतर कुकरच्या शिट्टीला घाबरून कोणी दार ठोठावत नाही, नावाने विचारतात. श्टुडिरेंडनवेर्कची मानसिक समुपदेशन सेवाही असते, गोपनीय, बऱ्याच शहरांत इंग्रजीतून. वेळ मिळायला थोडं थांबावं लागतं, म्हणून झोप बिघडून दोन आठवडे झाले की लगेच ईमेल करायचा. परीक्षेच्या तोंडावर गेलं तर रांग लांब असते.

शेवगा

खोली सोडण्याचंही लिहून ठेवतो, म्हणजे धागा पूर्ण होईल. करार संपण्याच्या तारखा आणि नोटिशीची मुदत करारातच दिलेली असते. इथे सेमिस्टर संपलं म्हणून करार संपत नाही. नोटीस लेखी द्या आणि पोच घ्या. इंटर्नशिपसाठी सहा महिने दुसऱ्या शहरात जाणार असाल तर खोली परस्पर मित्राला देऊ नका. त्यासाठी परवानगीचा फॉर्म असतो आणि तो सहसा मंजूर होतो.

किल्ली परत देताना ओव्हन, फ्रीजचं रबर, खिडकीची चौकट आणि शॉवरवरचा पांढरा थर बघतात. खिळ्यांची भोकं पांढऱ्या भरावाने बुजवा. रेडिओची वर्गणी, नेट, विमा बंद करा किंवा पत्ता बदला. कायमचं देश सोडत असाल तर नगरपालिकेतून नाव कमी करून घ्या, निघण्याच्या आठवडाभर आधीपासून ते करता येतं. अनामत लगेच मिळत नाही, म्हणून जर्मन खातं त्याच दिवशी बंद करू नका.